मुक्कामी गाडीचं जेवण

सक्करदरा, नागपूर
१४ जुलै २०२४

पिंटूदादा,

आपल्या गावात माणसं राहतात किती? या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. परवा एसटीच्या डेपोत साहेबांनी हेच विचारलं आणि मी, आपल्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, शिकवणी वर्गात पोरांना गणित शिकवणारी, त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. बेलखाप्याच्या वेशीवरच्या पाटीवर सहाशेच्या वर आकडा रंगवलाय, पण तो रंगवणारा पेंटरसुद्धा आता कंपनीच्या कामासाठी हिंगण्यात राहतो. रेशनच्या दुकानात नावं आहेत, मतदारयादीत नावं आहेत. संध्याकाळी किती घरांत चूल पेटते, ते कुठेच लिहिलेलं नाही. साहेबांना नेमकं तेच हवं होतं.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. गावाची डाक आधी मुक्कामी एसटीने यायची, आता तुझ्या जीपमधून येते. म्हणजे हे पत्रही तूच आणशील. टपालाच्या थैलीचं भाडं घेत असशील तर याचंही धर.

जूनमध्ये पारावर मी तुला सगळ्यांसमोर बोलले. शब्द मागे घ्यायला हे पत्र लिहीत नाहीये. संध्याकाळी येऊन रात्रभर आपल्या गावात थांबणारी आणि सकाळी नरखेडला जाणारी ती एकच गाडी होती. तिच्याच खिडकीशी बसून मी बी.एस्सी. झाले. तू जीप घेतलीस, घे. पण रोज सकाळी एसटीच्या जरा आधी निघायचं, तिकीट काढणारी सगळी माणसं उचलायची, आणि मुलींना सांगायचं, 'पासवाल्यायनं मागून या.' मुलींचा पास फुकट. गाडीत नुसत्या मुली बसल्या की कंडक्टरच्या मशीनमध्ये काही पडत नाही. असं वर्षभर चाललं आणि जूनमध्ये गाडी बंद झाली. कोणी बंद केली हे सांगायला ग्रॅज्युएट व्हावं लागत नाही.

तेव्हा तू म्हणालास, "तुले काहून एवढं लागून राह्यलं वं भूमे? तू तं गेली ना नागपूरले. ज्यायले जायचं होतं ते गेले. राह्यलेल्यायनं काय फाट्यावर उभं राहून टाटा कराचा?" पारावरचे सगळे हसले. मधुकरराव तर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. सरपंच माणूस, पण गावाची गाडी गेल्याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही.

मला आणखी एक गोष्ट आठवते, तीही लिहिते. एसटी आली नाही त्या दिवशी बाबांच्या लुनावर बसवून तू मला फाट्यापर्यंत सोडायचास. चिखलात लुना रुतली की मला उतरू द्यायचा नाहीस, कॉलेजचे कपडे खराब होतील म्हणून स्वतः उतरून ढकलायचास. तोच तू काजलला 'मागून ये' म्हणायला लागलास. ती आपली सख्खी बहीण आहे, आणि अकरावी सायन्सला तिला तिच्या मार्कांवर प्रवेश मिळालाय.

साहेब वाईट नाहीत. ते म्हणाले, उत्पन्न कमी होतंच, पण मुक्काम तेवढ्यावर बंद होत नाही. ड्रायव्हर-कंडक्टरने तक्रार केली होती की गावात जेवण मिळत नाही. मी तिथल्या तिथे सांगितलं, हे खोटं आहे. आमच्या गावात मुक्कामी गाडीच्या दोघांना रोज एका घरचं जेवण जातं. घरोघर पाळी लागलेली आहे, आम्ही लहान होतो तेव्हापासून. आमची आई त्यांच्यासाठी वांग्याच्या भाजीत तेल जास्त टाकते. साहेब नुसतं "बरं" म्हणाले.

दादा, असं कधी झालंय का आपल्याकडे? तुला माहीत असेल तर कळव.

भूमिका


सक्करदरा
८ सप्टेंबर २०२४

पिंटूदादा,

उत्तर आलं नाही. पोळ्याला मी गावात आले तेव्हा तू बैल सजवायच्या निमित्ताने गोठ्यातच राहिलास. आपल्या घरी आता एकच बैलजोडी आहे, ती सजवायला एवढा वेळ लागत नाही.

पोळ्याला गाव भरलं होतं. हिंगण्याहून सगळे आले होते, कंपनीच्या सुट्टीत, मोटरसायकलींवर, नवे शर्ट घालून. तोरणाखाली उभी असलेली माणसं मोजून मी साहेबांना फोटो पाठवला असता तर त्यांनी दोन गाड्या सोडल्या असत्या. पोरांचा तान्हा पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गल्ल्या पुन्हा रिकाम्या.

त्या दोन दिवसांत मी घरोघर फिरले. साहेबांनी शब्द दिलाय की नरखेडला शिकायला जाणाऱ्या मुलींची नावं द्या आणि मुक्कामाच्या दोघांच्या जेवणाची हमी द्या, मी वरती लिहितो. मुलींच्या आया लगेच तयार झाल्या. सोनिकाची आई शोभाताई तर माझ्याबरोबर चार घरं फिरल्या. अंगणवाडीत मदतनीस आहेत, एकट्या आहेत, मुलीला नर्स करायचं एवढंच त्यांच्या डोक्यात आहे. जेवणाचा विषय निघाला की मात्र पुरुष माणसं खाटेवर सरळ होऊन बसत.

मला वाटत होतं पाळी अजून तशीच आहे. तशी ती नव्हती. घरं रिकामी होत गेली तशी पाळी उरलेल्या घरांवर पटापट यायला लागली. मग वाद सुरू झाला: हिंगण्यात राहतात त्यांची पाळी कोणी करायची? नाव रेशनला इथे आहे ना, मग त्यांनी पाठवावं जेवण. ते म्हणतात आम्ही त्या गाडीत बसत नाही, आम्ही काहून जेवू घालायचं? मधुकररावांनी मला समजावलं, "पोरी, ज्याच्या घरी कुलूप हाय त्याची पाळी आली का त्या दिवशी गाव सुटलं असं समजाचं." म्हणजे त्या दिवशी कोणीच जेवण द्यायचं नाही. हे त्यांनी न्याय म्हणून सांगितलं. गावात चार दिवसांतून एक दिवस कुलपाची पाळी यायची, आणि त्या दिवशी ड्रायव्हर-कंडक्टर दुकानातली बिस्किटं खाऊन झोपायचे. भांडण हिंगण्यातल्या माणसांशी होतं आणि उपाशी ते दोघं राहिले. असली अक्कल आपल्याच गावाला सुचावी.

तरीही ते दोघं सांभाळून घेत होते म्हणे. कुलपाच्या दिवशी येताना नरखेडहून काहीतरी घेऊन यायचे. त्यांनी तक्रार केली ती एका वेगळ्या दिवसाची. त्या दिवशी पाळी कुलपाची नव्हती.

शोभाताई हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "पाळी मनोहररावकाकाची होती बाई." मनोहररावकाका म्हणजे आपले बाबा. ते दोघं शाळेच्या खोलीत वाट बघत बसले. कंडक्टर आपल्या दारापर्यंत आला, घरातून स्वयंपाकाचा वास येत होता, बाबा शेतावर होते, आणि दारात तू होतास. तू त्याला काय म्हणालास ते शोभाताईंनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर-कंडक्टरने डेपोत जाऊन सांगितलं की या गावात आम्ही मुक्काम करणार नाही.

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "असं कसं व्हईन? म्या डबा भरला, पिंटूच्या हाती देला, त्यानं नेला." तिला अजून तसंच वाटतं. मग मी काजलला विचारलं. काजल मोरीत भांडी घासता घासता पाठमोरीच म्हणाली की दुसऱ्या दिवशी डबा जीपच्या सीटखाली होता, भरलेला. तिने भाकरी गायीला घातली, डबा घासला आणि फळीवर ठेवून दिला. तीन महिने ती ही गोष्ट घेऊन तुझ्याच जीपमध्ये बसतेय.

आईला मी सांगितलेलं नाही. आपल्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही, हे ती माहेरीसुद्धा सांगते. तिच्याकडून ते काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलं. तुझ्यासाठी गप्प राहिले असं समजू नकोस.

भूमिका


सक्करदरा
२४ नोव्हेंबर २०२४

पिंटूदादा,

तुझा आवाज शेवटी ऐकला. आईच्या फोनवरून पाठवलेला तो निरोप मी पुन्हा पुन्हा ऐकलाय. मला वाटलं होतं तू नाही म्हणशील. तू म्हणालास:

"हो, नाई देला डबा. ज्या गाडीनं माह्या पोटावर पाय देला तिले मीच जेवू घालू? आन् बाबाच्या छातीत दुखलं तवा त्याईले दवाखान्यात कोणं नेलं? तुह्या एसटीनं? तुले गावाचा एवढा पुळका हाय तं ये ना वापस. राहा इथं. बस रोज त्या गाडीत."

बाबांना तू नेलंस, हे खरं आहे. तुझी जीप नसती तर काय झालं असतं याचा विचार मी करते, आणि तो विचार मला आवडत नाही, कारण मग तुझ्यावर नीट रागावता येत नाही. पण एका जिवाला दवाखान्यात नेलं म्हणून गावातल्या सगळ्या मुलींचा रस्ता तुझ्या मालकीचा होत नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. दिवाळीनंतर संत्र्याची तोड सुरू झाली तसे तुझ्या जीपमध्ये मागे क्रेट आले. मुलींना तू पुढे कोंबायला लागलास. त्या दिवशी पुढे तू, तुझ्या बाजूला काजल आणि तिच्या पलीकडे व्यापाऱ्याचा तो माणूस, बागा बघत फिरणारा. नरखेडपर्यंत त्याचा हात कुठे कुठे होता ते काजलने मला फोनवर सांगितलं. सांगताना ती रडली नाही. ती म्हणाली, "ताई, मी दादाले म्हटलं, हे सरकून राह्यले. तं दादा म्हणे, तू सरक." जीपमध्ये सरकायला जागा नव्हती, दादा. एका बाजूला तो होता आणि दुसऱ्या बाजूला तू.

तुला दिसलं नाही असं तू म्हणू शकतोस. मला तेच खरं मानायला आवडेल. पण तो माणूस तुला हंगामभर क्रेटचं भाडं देतो, आणि दुसऱ्या दिवशी तू त्याला पुन्हा पुढेच बसवलंस.

बाबांना आईने अर्धंच सांगितलं. त्यांनी त्यावरून पूर्ण ओळखलं असावं, कारण त्यांनी काहीच विचारलं नाही. ते तुलाही काही बोलले नाहीत. त्या माणसालाही नाही. काजलला म्हणाले, "आता परीक्षेपुरती जाय." झाला निवाडा. अपराध कोणाचा आणि घरात कोण बसलं, एवढं बघ.

मतदानाला मी आले होते. बुधवारी बेलखाप्यात गाड्याच गाड्या. हिंगण्याच्या मतदारांना आणायला कोणी कोणी जीपा लावल्या होत्या, त्यात तुझीही होती. त्या दिवशी कोणाकडून भाडं नाही, कोणी 'मागून या' नाही, म्हाताऱ्यांना हाताला धरून उतरवणं चाललं होतं. मधुकरराव पारावर उभे राहून म्हणाले, "पाहा, गाव कसं भरलं." मी त्यांना म्हटलं, काका, यातली चार माणसं रोज सकाळी थांबली असती तर एसटी चालू राहिली असती. ते म्हणाले, "पोरी, तू लय शिकली."

मी घरोघर फिरून जमवलेल्या मुलींचं काय झालं तेही ऐक. एकीचं तुळशीच्या लग्नानंतर लगेच ठरलं. एकीला मामाने काटोलला नेलं. दोघींच्या वडिलांनी मोपेड घेतल्या आणि मला हात जोडून सांगितलं की आमचं आता भागलं. कोणावर रागावू? प्रत्येकाने आपल्या मुलीपुरतं बघितलं. बाकीच्या मुलींच्या आया म्हणतात, गाडी सुरू होऊ दे, मग बघू. आज ठाम उरल्यात दोघीच, काजल आणि सोनिका. शोभाताई म्हणाल्या, ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण रोज मी करते, कोणाची पाळी लावू नका. आणि मग म्हणाल्या, "काजल हाय म्हणून मी सोनिकाले धाडतो. सकाळच्या अंधारात एकटी पोरगी नाई धाडणार मी. दोघी हायेत तं हाय."

मी साहेबांना तसं सांगून टाकलं. त्यांनी वरती लिहिलंय. तू हसशील, पण मला वाटतं गाडी येईल.

भूमिका


सक्करदरा
२ जानेवारी २०२५

पिंटूदादा,

सोमवारपासून गाडी येतेय. म्हणजे रविवारी संध्याकाळी मुक्कामाला येईल आणि सोमवारी सकाळी निघेल. एक महिना चालवून बघणार, माणसं मिळाली तर पुढे चालू. साहेबांनी मला स्वतः फोन केला. त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता की मला तो सहन होईना. म्हणाले, "मॅडम, पहिल्या दिवशी तुम्ही या. दोघी मुलींना घेऊन गाडीसमोर फोटो काढू." मी "बघते" म्हटलं.

हा फोन मागच्या सोमवारी आला. मंगळवारी मी नरखेडला जाऊन काजलचा कॉलेज सोडल्याचा दाखला काढला.

गाडी येणार हे कळल्यावर काढला, दादा. नीट वाच. त्याच्या आधी काढला असता तर मला स्वतःला सांगायला काहीतरी राहिलं असतं.

फोन ठेवल्यावर मी खूप वेळ हिशोब करत बसले. एक महिना गाडी येईल. तू तिच्या आधी निघशील. शोभाताई आजारी पडतील त्या दिवशी जेवणाचं कोण बघणार यावर पारावर सभा भरेल. महिन्याने गाडी पुन्हा बंद, आणि काजल पुन्हा तुझ्या आणि त्या माणसाच्या मधे. गावावर माझा विश्वास नाही. इतरांनी असं म्हटलं की मी भांडायचे. माझ्या खोलीतली मुलगी लग्न होऊन गेली, तिची कॉट रिकामी झालीय. एक कॉट. घरमालकीण एकीलाच हो म्हणाली.

बाबांना सांगितलं तेव्हा ते मोटर चालू करायला निघून गेले. त्यांनी अडवलं नाही, एवढं मी धरून चालले. आईने काजलच्या पिशवीत तिळाची चटणी बांधून दिली, आणि तुला 'मावशीकडे गेली' असं सांगायचं कबूल केलं. ते खोटं तिच्या तोंडी मीच घातलं.

शोभाताईंकडे मी गेले. जायला नको होतं, पण न सांगता निघून येणं जमेना. त्या तांदूळ निवडत होत्या. जास्तीचे तांदूळ, गाडीच्या दोघांसाठी आणलेले. मी म्हटलं, सोनिकालाही नेते, काहीतरी सोय करते, थोडे दिवस द्या. त्या म्हणाल्या, "मंग मी कोणासंग राहू वं?" सूप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "रविवारी सैपाक करू का नको?" मी म्हटलं, करा. का म्हटलं असं, मला माहीत नाही. सोनिका दारात उभी होती. काजलने तिला आपली भौतिकशास्त्राची गाईड द्यायला काढली होती, ती तिने घेतली नाही.

आम्ही बुधवारी सकाळी फाट्यापर्यंत चालत आलो. तुझी जीप आमच्या मागून आली. तू हॉर्न दिलास, आम्ही कडेला झालो. वेग कमी करून तू काचेतून बघितलंस, पण आम्ही हात केला नाही. तुला वाटलं असेल बाजाराला चालल्यात. पुढच्या सीटवर तो माणूस होता. काजलने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि तुझी जीप वळणाआड जाईपर्यंत बाभळीकडे बघत राहिली.

जूनमध्ये पारावर तू म्हणालास ते ऐकून सगळे हसले होते. ज्यांना जायचं होतं ते गेले, तूही गेलीस. तेव्हा मी एकटीच गेले होते. आता मी एकीला घेऊन आले, आणि मागे राहिलेलीची सोबत काढून आणली. तू डबा सीटखाली ठेवलास. मी काय केलं त्याला नाव सापडत नाही. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या हिशोबात सोमवारी दोघी मुली आहेत.

तुझ्याकडे एकच मागते. मागायचा हक्क आता राहिला नाही, तरी मागते. सोमवारी तू एसटीच्या नंतर निघ. शोभाताई पारापर्यंत येतील की नाही, सोनिका चढेल की नाही, काही सांगता येत नाही. पण गाडी उभी असताना तुझी जीप आधी निघाली नाही, एवढं एकदा होऊ दे. तू ऐकशील असं मला वाटत नाही. तुझ्याच हाताने हे पत्र गावात जाईल, म्हणून लिहिलं.

काजल बरी आहे. आज तिचा नव्या कॉलेजचा पहिला दिवस होता. सक्करदऱ्याच्या तलावाकडून ती पायी गेली आणि पायीच परत आली. कॉलेज इतकं जवळ आहे की तिला गाडी लागत नाही.

भूमिका